पाय चेपणारी

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची मुंबईत. म्हणजे बोरीवलीत. कमलआत्या बोरीवलीला मुंबई मानत नाही; तिच्या लेखी मुंबई दादरला सुरू होते. अकोल्याहून निघताना आईने जबरदस्तीने दिलेली जवसाची चटणी पिशवीत सांडली, त्यामुळे माझे कपडे, नर्सिंगची सर्टिफिकेटं आणि ही कोरी वही या सगळ्यांना आता एकच वास आहे. आत्याने दारातच तो वास घेतला आणि ओळखलं, वहिनीचीच चटणी म्हणून.

आत्या महापालिकेच्या शाळेतून बाई म्हणून निवृत्त झाली. आतोबा जाऊन बरीच वर्षं झाली. दोन खोल्या, नॅशनल पार्कच्या बाजूची सोसायटी, आणि गेटवर बिबट्यापासून सावध राहण्याची पाटी. आत्याचं म्हणणं, बिबट्या परवडला, सोसायटीचा सेक्रेटरी नको. मला आतली खोली दिली आहे. खिडकीतून झाडं दिसतात आणि झाडांवरची माकडं आपल्याकडे बघत असतात. मला फार आवडली.

परवापासून कांदिवलीच्या हॉस्पिटलात रुजू व्हायचं. हुद्दा झकास आहे, इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर. काम असं की कोणी हात धुतले नाहीत, सुया कुठे टाकल्या, नळ्या कधी बदलल्या, हे सगळं बघत फिरायचं. थोडक्यात, सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायची नोकरी. माझ्या स्वभावाला शोभणारी आहे, असं आत्या म्हणाली, आणि ते काही कौतुकाने म्हणाली नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

हॉस्पिटल छान आहे. आयसीयू तर इतका चकचकीत की चपला काढून जावंसं वाटतं. मोठ्या खिडक्या, निळे पडदे, प्रत्येक खाटेशी हात धुण्याचं औषध, आणि त्या औषधाच्या बाटल्या चक्क भरलेल्या. अकोल्यात आम्ही त्या बाटल्यांत पाणी घालून दिवस काढले आहेत.

युनिटच्या इन्चार्ज आयव्ही सिस्टर. मढच्या, पन्नाशीच्या, गळ्यात बारीक क्रॉस, आणि चालणं असं की आवाज येत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कागदात गुंडाळलेले सुके बोंबील दिले, घरी वाळवलेले. मी त्यांना जेवताना सांगितलं की मला एकटीला मुंबईत पाठवायला आई तयार नव्हती. त्या म्हणाल्या, इथे कोणी एकटं नसतं. मला ते बरं वाटलं.

युनिटचे प्रमुख डॉ. चंद्रप्रकाश. उंच, इस्त्रीचे, मधाळ बोलणारे. त्यांनी मला अभिमानाने सांगितलं की आपल्याकडे सेप्सिस जवळजवळ नाहीच, महिन्याकाठी एखादा. मी मान डोलावली. सेप्सिस म्हणजे अंगात शिरलेल्या जंतूंशी लढताना शरीर असं बेभान होतं की स्वतःचेच अवयव बंद पाडत सुटतं. आपल्या देशातल्या आयसीयूंमध्ये अर्ध्याहून जास्त पेशंटांना तो असतो, असा अभ्यास आम्हाला शिकवलेला आहे. अर्ध्याहून जास्त! आणि इथे महिन्याकाठी एखादा. म्हणजे एक तर हे हॉस्पिटल स्वर्ग आहे, नाहीतर इथे मोजणाऱ्याने डोळे मिटले आहेत.

स्वर्ग कांदिवलीत असता तर जागांचे भाव आणखी वाढले असते. बघू.

१० नोव्हेंबर, सोमवार

माणिकराव म्हणून एक पेशंट आहेत. बेस्टमध्ये कंडक्टर होते. पित्ताशयाच्या दुखण्याने आले. अतिशय सभ्य माणूस. सुई टोचल्यावरसुद्धा थँक्यू म्हणतात. आज दुपारी मी त्यांच्या नळ्या बघत होते तेव्हा म्हणाले की पाय चेपणाऱ्या बाईंना आता जरा बसू द्या, मघापासून चेपतायत, त्यांचे हात दुखत असतील.

पायाशी कोणी नव्हतं. मी तसं सांगितलं. ते माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखं हसले, जणू मीच काहीतरी चुकीचं बोलले आणि त्यांना ते चारचौघांत दाखवायचं नव्हतं.

आयव्ही सिस्टर पलीकडच्या खाटेशी होत्या. त्या आल्या, माणिकरावांच्या पायांवरची चादर गुडघ्यापर्यंत उचलली आणि बघितलं. गुडघ्यांवर जांभळट जाळी उठली होती. पाय हाताला गार, कपाळ तापलेलं. सिस्टरनी चादर परत नीट घातली आणि छातीवर क्रॉस केला.

नंतर पॅन्ट्रीत मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. इथे वाईट वळणावर गेलेला पेशंट हेच बोलतो. कोणीतरी पाय चेपतंय. पुरुष, बायका, मराठी, गुजराती, सगळे. आधी बरं वाटतं म्हणतात, थांबवू नका म्हणतात. मग ती हळूहळू वर सरकते. जिथवर चेपलं तिथवर जांभळं होतं. त्या हे अगदी साध्या आवाजात सांगत होत्या, ड्युटी बदलताना हँडओव्हर देतात तसं.

मी त्यांना शास्त्र ऐकवलं. सेप्सिसमध्ये रक्त हातापायांतून माघार घेतं, मेंदूला कमी पडतं, माणूस भ्रमात जातो, पायांना मुंग्या येतात, त्याला वाटतं कोणी चेपतंय. यात बाई कुठून आली? सिस्टर म्हणाल्या, तू म्हणतेस तसंच असेल गं. आणि कप धुवायला लागल्या.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. चादर उचलून बघायला वेळ आहे, क्रॉस करायला वेळ आहे. त्या माणसाचं रक्त तपासायला पाठवलं का, हे मी विचारलं तर उत्तर आलं की पाठवू.

११ नोव्हेंबर, मंगळवार

माणिकराव गेले. कागदावर कारण आहे, हृदयक्रिया बंद पडणे. हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय आजवर मेलंय कोण?

त्यांच्या रक्ताचा पहिल्या दिवसाचा रिपोर्ट स्वच्छ. जंतू उगवले नाहीत. मी शोधून काढलं की रक्त कधी घेतलं. जंतुनाशक इंजेक्शनचा दुसरा डोस गेल्यानंतर! आता हे कोणालाही कळण्यासारखं आहे. संशय आला की आधी रक्त काढायचं, लॅबच्या बाटलीत घालायचं, ती बाटली उबेत ठेवायची. रक्तात जंतू असतील तर उगवतात आणि कोणता जंतू, कोणतं औषध, ते कळतं. आधीच इंजेक्शन दिलं तर जंतू दबतात. बाटलीत उगवत नाहीत, माणसात मात्र वळवळत राहतात. आमच्या युनिटात रोज हे चाललं आहे. आधी घर झाडायचं, मग कचरा शोधायचा, आणि सापडला नाही की म्हणायचं, आमच्याकडे कचराच होत नाही.

यात कोणाचा कट नाही, हे जास्त वाईट. इंजेक्शन हाताशी असतं, बाटल्या खालच्या मजल्यावरून आणाव्या लागतात, एवढंच. आळसाने माणसं मरतात आणि वर त्याचा अभिमान बाळगला जातो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज भांडले. मनसोक्त.

डॉ. चंद्रप्रकाशांसमोर सगळं मांडलं. ते ऐकत राहिले, पेन फिरवत. पुढच्या महिन्यात दर्जा तपासणारी मंडळी यायची आहेत, त्यामुळे ते नाही म्हणू शकले नाहीत. नियम ठरला: आधी रक्त, मग इंजेक्शन. बाटल्या युनिटातच ठेवायच्या. बदल्यात त्यांनी मागितलं की भारी इंजेक्शनं उगाच चालू ठेवायची नाहीत. ते रास्तच आहे. उगाच दिलेल्या औषधाने जंतू निर्ढावतात. म्हणून दुसरा नियम मीच लिहिला: दोन दिवसांत बाटलीत काही उगवलं नाही, तर इंजेक्शन बंद. दोन्ही नियम मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावले. मला फार समाधान वाटलं.

दुपारी आयव्ही सिस्टर एका पेशंटची चादर उचलून गुडघे बघत होत्या. माझी तार सटकली. युनिटातल्या सगळ्या नर्स पोरींसमोर त्यांना म्हणाले, “सिस्टर, चादरीखाली भुतं शोधणं बंद करा. रिपोर्ट बघा. रिपोर्ट खोटं बोलत नाही.”

त्यांनी चादर सोडली. चेहरा उतरला होता. माझ्या दुप्पट वर्षं त्यांनी या खाटांमध्ये घालवली आहेत. संध्याकाळी वाईट वाटलं, पण माफी मागितली नाही. मागितली असती तर त्या परत चादरी उचलायला लागल्या असत्या.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आता बाटल्यांत उगवायला लागलं. रोज. लॅबवाला फोनवर विचारतो की तुमच्याकडे झालंय तरी काय. झालं काहीच नाही, जे होतं ते दिसायला लागलं. निम्म्याहून जास्त खाटांवर सेप्सिस. अभ्यासात लिहिलं होतं अगदी तसंच. आम्ही काही स्वर्गबिर्ग नव्हतो, चारचौघांसारखेच होतो.

डॉ. चंद्रप्रकाश राऊंड संपवून माझ्यापाशी थांबले. म्हणाले, “तू यायच्या आधी इथे सेप्सिस नव्हता.”

मला वाटलं विनोद आहे. ते हसले नाहीत.

आयव्ही सिस्टर मात्र नियम तंतोतंत पाळतात. बाटली, रक्त, मग इंजेक्शन. चादरीला हात लावत नाहीत. माझ्याशी कामापुरतं बोलतात.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सोनूबाई वाचल्या. कांदिवलीच्या बाजारात भाजी विकतात. आल्या तेव्हा शुद्ध जेमतेम होती आणि कोण गं बाई पाय चेपतेस, गुणाची आहेस, असं पुटपुटत होत्या. आधी रक्त घेतलं, जंतू सापडला, त्याचं नेमकं औषध मिळालं. आज त्यांनी उठून चहा मागितला आणि चहात साखर कमी म्हणून कुरकुर केली. अकोला सोडल्यापासून एवढा आनंद मला झाला नव्हता. बाथरूममध्ये जाऊन रडले.

वॉर्डात हलवताना त्या रुसल्या होत्या. म्हणाल्या, बरी झाल्यापासून पाय कोणी चेपत नाही. मी गमतीने विचारलं की कुठे गेली तुमची बाई. तर माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, “तीच म्हणाली, तुझं राहू दे आता. ही पोरगी दिवसभर उभी असते, हिचे पाय ठणकत असतील.”

स्ट्रेचर ढकलणाऱ्या पोरी हसल्या. मीही हसले. ताप उतरतानाचा भ्रम असतो तो, तोंडाला येईल ते बोलतात. पोरींना मी ठरवूनच दिलंय की भ्रमातल्या पेशंटशी वाद घालायचा नाही, हो म्हणायचं आणि पुढे जायचं.

घरी आल्यावर पाय ठणकत होते, हे खरं. ते रोजच ठणकतात.

७ डिसेंबर, रविवार

काल सहा डिसेंबर. बाबासाहेबांना वंदन करायला आत्याबरोबर दादरला गेले आणि तिथेच आरोग्य शिबिरात दिवसभर बसले. बसले कुठली, उभीच. विदर्भातून, मराठवाड्यातून आलेली माणसं, तळपायाला फोड, ताप, कोणाची साखर वाढलेली. आमच्या अकोल्याकडचा आवाज कानावर पडला की तपासणीचं टेबल सोडवेना. शौचालयाची रांग इतकी लांब की जायला नको म्हणून पाणीच प्यायले नाही. आयसीयूतसुद्धा मी तेच करते. आम्ही सगळ्याच करतो. पेशंटची लघवी थेंबाथेंबाने मोजतो आणि स्वतःची दिवसभर दाबून धरतो.

आज त्याचं बक्षीस मिळालं. लघवीला आग, कंबर धरलेली, अंगात कसकस. डॉक्टरला दाखवण्याएवढं काही नाही. युनिटच्या कपाटात कंपन्यांनी दिलेल्या जंतुनाशक गोळ्यांची पाकिटं पडलेली असतात. त्यातलं एक पर्समध्ये होतंच. प्रत्येक नर्सच्या पर्समध्ये असतं. सकाळी एक घेतली, संध्याकाळी एक. आता बरं वाटतंय. उद्या ड्युटी.

८ डिसेंबर, सोमवार

आयसीयूतूनच लिहितेय. खाटेवरून. हसण्यासारखं आहे.

ड्युटीवर अशी हुडहुडी भरली की ट्रे हातातून पडला. आयव्ही सिस्टरनी एका नजरेत ओळखलं. मला धरून खाटेवर झोपवलं, स्वतःच्या हाताने. म्हणाल्या, किडनीला इन्फेक्शन चढलंय, उठायचं नाही. आत्याला त्यांनीच फोन केला.

मग त्यांनी बाटल्या आणल्या. आधी रक्त. भिंतीवरच्या नियमाप्रमाणे. सगळ्या पोरी भोवती उभ्या होत्या आणि सिस्टर मला दिसेल अशा पद्धतीने सगळं करत होत्या. रक्त काढण्याआधी त्यांनी विचारलं, “काही गोळी घेतलीस का गं?”

मी नाही म्हणाले.

का म्हणाले? कारण त्याच पोरींना मी याच गोष्टीवरून झाडलंय. आधी गोळी, मग रक्त, असला गाढवपणा इथे चालणार नाही, हे वाक्य माझं आहे. त्यांच्यासमोर कसं सांगू की मीच केलाय? आणि भारी इंजेक्शन लगेच सुरू होणारच होतं, मग काय फरक पडतो, असं वाटलं. दोनच तर गोळ्या.

आत्याने ही वही आणि घरचा वरणभात आणला. भात गेला नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

ताप उतरला. इंजेक्शन भारी आहे. आत्या बाहेर बाकावर बसून असते, आत सोडलं की येते आणि कामवालीपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांच्या तक्रारी सांगते. ती घाबरली की अशी बडबडते. मी तिला सांगितलं की दोन दिवसांत घरी. तिने माझा हात हातात धरून ठेवला होता. सोडेचना.

आयव्ही सिस्टर सारख्या येऊन बघतात. आज मी त्यांना म्हणाले की त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. त्या म्हणाल्या, चल, विसर. तुझं बरोबर होतं.

१० डिसेंबर, बुधवार

रिपोर्ट आला. रक्त स्वच्छ, लघवी स्वच्छ. काही उगवलं नाही.

कसं उगवेल? मी झाडून ठेवलं होतं ना.

डॉ. चंद्रप्रकाश खूश. व्हायरल ताप, म्हणाले. सोनोग्राफी वगैरे काही नको, उद्या वॉर्डात हलवा, परवा घरी. आमच्या स्टाफला आमच्याच युनिटात सेप्सिस झाला, हे तपासणीच्या तोंडावर कोणाला हवं होतं?

मी सांगणार होते. शब्द तोंडात होते. पण सोबत शिकाऊ डॉक्टरांचा घोळका होता आणि ते त्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते की या सिस्टरमुळे आपल्याकडे नियम आले. मी हसले. राऊंड पुढे गेला. म्हटलं, मागाहून सिस्टरना एकटं गाठून सांगू. मग डोळा लागला.

जाग आली तेव्हा इंजेक्शनची बाटली काढून नेलेली होती. आयव्ही सिस्टर म्हणाल्या, “तुझाच नियम, दिशा. रिपोर्ट क्लीन, इंजेक्शन बंद. कोणी सांगायची वाट पाहिली नाही, स्वतः बंद केलं.”

किती अभिमानाने सांगत होत्या. मला खूश करायचं होतं त्यांना. मी म्हणाले, थँक्यू सिस्टर.

उद्या सांगते. दोन दिवस औषध गेलंय, माझ्या वयाला पुरेल.

११ डिसेंबर, गुरुवार

पुरलं नाही.

पहाटेपासून कंबरेत उजवीकडे कोणी खिळा ठोकतंय. श्वास जोरात चालतो. वॉर्डात हलवायचं रद्द. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोललं की आतल्या आत घुमतं. बीपी जरा खाली, सलाईन वाढवा, म्हणाले. व्हायरलला वेळ लागतो, म्हणाले. रिपोर्ट स्वच्छ आहे ना, म्हणाले.

मला ठाऊक आहे हे काय आहे. मी हे पोरींना शिकवलंय. जोराचा श्वास, उतरलेलं बीपी, गोंधळलेलं डोकं. अजून गोंधळलेलं नाही. तारीख आठवते. आत्याचं नाव आठवतं.

दुपारी जरा बरं वाटलं. पायांना फार हलकं वाटतंय. थकवा निघून जातोय. जणू कोणी

नाही. हे लिहायचं नाही.

११ डिसेंबर, संध्याकाळ

चेपतेय.

घोट्यापासून वर. हात गार आहेत, पण सवयीचे. कुठे दुखतं ते तिला न सांगता कळतं. लहानपणी ताप आला की आई अशीच — नाही, आईसारखी नाही. आईचे हात थकायचे.

मी शास्त्र म्हणतेय मनात. रक्त माघार घेतंय. पायांतून माघार. मुंग्या. भ्रम. सगळं पाठ आहे. तरी बघत नाही पायांकडे. बघितलं तर —

१२ डिसेंबर

सांगितलं. आयव्ही सिस्टरना सांगितलं. मास्क खाली ओढून. सिस्टर, मी गोळ्या घेतल्या होत्या, रक्ताच्या आधी, दोन, रिपोर्ट खरा नाही, इंजेक्शन सुरू करा. नीट सांगितलं. मग म्हणाले, आणि ती पाय चेपतेय, गुडघ्याशी आलीय.

हे दुसरं बोलायला नको होतं.

त्यांचे डोळे भरले. मास्क परत वर चढवला. कपाळावरून हात फिरवला. “हो गं. घेतल्यास ना गोळ्या. बरं केलंस.”

वाद घालायचा नाही. हो म्हणायचं आणि पुढे जायचं.

मी चादरीकडे बोट दाखवलं. उचला. गुडघे बघा. एकदाच बघा. त्यांचा हात चादरीपर्यंत आला. थांबला. माझ्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला. भुतं शोधायची नाहीत. मी सांगितलं होतं — पोरींसमोर —

रिपोर्ट बघायला गेल्या.

१२ — नंतर

आत्या आली. तिला सांगितलं गोळ्यांचं. ती रडत हो हो म्हणाली. बाहेर तिला कोणीतरी सांगितलंय, भ्रमात बोलते, मनावर घेऊ नका. पाय गार लागले म्हणून घरून लोकरीचे मोजे आणलेत तिने. गुडघ्यापर्यंतचे. घातले. जांभळं बघितलं नाही तिने, चष्मा डोळ्यांवर नव्हता — पदराने डोळे पुसत होती —

आता ते कोणालाच दिसणार नाही. मोजे छान आहेत. लाल.

आत्या, तुला दोन दिवसांत घरी म्हणाले होते. मला घरी यायचंय. मला जगायचंय गं. एवढ्याशा गोष्टीची लाज वाटली मला —

ती मोज्यांच्या आतून चेपते.

१३?

मांड्या. कंबर. दुखत नाही आता कुठेच. हेच वाईट.

राऊंडचा आवाज येतोय. डॉक्टर पलीकडच्या खाटेशी आहेत. बोललेलं भ्रम म्हणतात, लिहिलेलं म्हणणार नाहीत. अक्षर नीट आहे माझं, बघा. पान फाडून हातात द्यायचं. एक वाक्य. फक्त एक.

ती पायाशी नाही. उशाशी आलीय. चेहरा नाही बघणार. उजव्या हातावर हात ठेवलाय — बोटं एकेक करून — किती बरं वाटतंय — बाई, थांबा. एवढं होऊ द्या. मग चेपा.

डॉक्टर, रक्त काढायच्या आधी मी